पाचवं घर

चांगुणाबाईंचं दार उघडंच होतं. ओसरीत पाय पसरून त्या ज्वारी पाखडत बसल्या होत्या. अयोध्यानं हातातली परडी पदराखाली घेतली, नजर गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबावर लावली आणि पाय उचलला. सुपाचा आवाज मध्येच थांबला. तो थांबलेला तिला पाठीवर कळला, पण ती वळली नाही.

खांबाजवळच्या घरात बँकेतल्या साहेबांचं नवं बिऱ्हाड आलं होतं, पार चंद्रपूरकडचं. बाई दारात आल्या. त्यांनी परडीकडं पाहिलं, अयोध्याच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेकडं पाहिलं, आणि हिला द्यावं की हिला आत बोलवावं, हे काही त्यांना ठरवता येईना. मागच्या खेपेला त्यांनी परडीत बिस्किटाचा पुडा ठेवला होता. आज अयोध्यानं हळू आवाजात समजावलं, की तुळजापूरच्या आईचा जोगवा आहे, चिमूटभर पीठ वाढलं तरी पोचतं. बाईंनी आतून मैद्याची पिशवी आणली आणि किती द्यायचं असतं म्हणून विचारलं.

"तुमच्या मनाला येईल तेवढं," अयोध्या म्हणाली. मन हा शब्द तोंडातून गेला आणि तिला उगीचच चोरट्यासारखं झालं.

परडी तिच्या सासूची, द्वारकाबाईंची. त्यांना त्यांच्या सासूकडून आलेली. गुडघे धरल्यावर त्यांनी ती सुनेच्या हातात दिली, तेव्हाच सांगितलं होतं, की मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी मागायचं, आणि घरं बदलायची नाहीत. आपण मागतो ते पोटासाठी नाही. कुणाच्याही दारात हात पसरायला लागला की अंगातला ताठा उतरतो, म्हणून आईनं ही रीत घालून दिली, असं त्या म्हणायच्या. अयोध्या ती रीत मनापासून पाळत आली होती. भल्या सकाळी न्हाऊन, देवीला हळदकुंकू वाहून ती पाच घरं फिरायची, आल्यावर त्याच पिठाची भाकरी थापायची आणि मग दवाखान्यात ड्युटीवर जायची.

चांगुणाबाईंचं घर पाचवं. पिठाच्या मुठीवर त्या खडेमीठ ठेवायच्या. बाकी कुणी ठेवत नसे. आणि त्या दारावरून ती दिवाळीच्या आधीपासून पुढं जात होती, कारण भाग्यश्री त्यांची लेक. हल्ली पाचवं म्हणून अयोध्या खांबाजवळच्या घरी मागत होती.

भाग्यश्रीला भूमच्या त्या दवाखान्यात अयोध्यानंच आणलं होतं. बाप नसलेली पोरगी, बारावी सायन्स झालेली, घरी बसून काय करणार, म्हणून डॉक्टर सरांना सांगून तिनं तिला कामाला लावलं. शीर कशी चाचपायची, सलाईन अडलं तर काय बघायचं, रडणाऱ्या लेकराच्या आईला आधी कसं बसवायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. पोरगी हुशार. "ताई, ताई" करत मागं मागं असायची. औषध कंपनीचा माणूस आला की त्याच्याशी फाडफाड इंग्रजीत बोलायची, आणि ते ऐकताना अयोध्याला सुरुवातीला अभिमान वाटायचा.

मग एक दिवस सरांनी दोघींना बसवून फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सची माहिती दिली. डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरांच्या बरोबरीनं पेशंट तपासायचा, त्याची हकिकत लिहून घ्यायची, ऑपरेशनला शेजारी उभं राहायचं. सोलापूरच्या एका कॉलेजात सुरू झालाय, अर्ज भरा, मुलाखत होईल, असं ते म्हणाले. अयोध्याचीही बारावी सायन्सच होती. त्यावर वडिलांनी नर्सिंगचा छोटा कोर्स करू दिला आणि लग्न लावलं. डॉक्टरांनी विचारायच्या आधी पेशंटला स्वतः काहीतरी विचारावं, असं तिला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. तिचा नवरा योगीराज एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो म्हणाला, "जा तू. आईकडं मी बघतो." सासूनंही नको म्हटलं नाही. वाटेत कुणी आडवं नव्हतं. म्हणून तर ती जागा तिला आपली वाटायला लागली.

तिनं देवीपुढं सुपारी ठेवली आणि संकल्प सोडला. प्रवेशाचं ठरेपर्यंत मंगळवारचा कडक उपास, पायात चप्पल नाही. मागणं एवढंच, की मला मिळू दे. पण रोज हात जोडताना त्या मागण्याला मागून एक शेपूट फुटायला लागलं. तिनं ते कधी उच्चारलं नाही. ओठ मिटलेले असायचे, डोळे मिटलेले असायचे, आणि आत कुणीतरी म्हणायचं, तिला नको. देवीला काय, न बोललेलंही ऐकू जातं.

मुलाखतीला दोघी एकाच एसटीनं बार्शीमार्गे गेल्या. अयोध्याला आधी बोलावलं. समोर तिघंजण बसले होते. मधले डॉक्टर पिकल्या केसांचे, मऊ बोलणारे. घरचं विचारलं, कामाचं विचारलं, ते नीट झालं. मग त्यांनी विचारलं, "पेशंट उपचाराला नाहीच म्हणाला, तर काय कराल?"

हा प्रश्न तिनं पाठ केला होता. देवीचं गंध उगाळताना केला होता, भांडी घासताना केला होता. ती एका दमात म्हणाली, "रुग्णाचं समुपदेशन करून त्याला उपचारांचं महत्त्व पटवून देईन. तरीही नकार दिल्यास नातेवाइकांच्या उपस्थितीत लेखी नोंद घेईन."

"आणखी काही?"

"वरिष्ठांना कळवीन, सर."

डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर येऊन ती बाकावर बसली तेव्हा तिला वाटत होतं की एक शब्द चुकला नाही. मग भाग्यश्री आत गेली, आणि थोड्या वेळानं बंद दारामागून हसण्याचा आवाज आला. तिघंही हसत होते. अयोध्यानं कवड्यांची माळ मुठीत धरली. तिच्या वेळी कुणीही हसलं नव्हतं.

परतीच्या एसटीत भाग्यश्रीनं आपण होऊन सगळं सांगितलं. तिलाही तोच प्रश्न विचारला होता.

"मी आपल्या ईट गावच्या आजोबांचं सांगितलं, ताई. ते न्हाईत का, दम लागलेले, मास्क लावू देत नव्हते? हे नाकाला लावलं की माणूस मरतंय म्हणायचे. मग तुम्ही काय केलं, तो मास्क आधी स्वतःच्या तोंडाला लावला आन त्यांच्या शेजारी जाऊन बसलात. आजोबा म्हणाले, तू कशाला मरतीस, दे इकडं. असं सांगितलं तर ते डॉक्टर इतके हसले. मी सांगितलं त्यांना, ही आमची अयोध्याताई, मी तिच्याकडूनच शिकले म्हणून."

अयोध्या खिडकीबाहेर बघत राहिली. तो म्हातारा तिला लख्ख आठवत होता. त्याच्या घामाचा वास, मास्कचं गार रबर, सगळं. तिनं स्वतःच्या हातानं केलेलं काम, आणि मुलाखतीत ते तिच्या डोक्यातही आलं नाही. पाठ केलेल्या उत्तराच्या आड ते राहून गेलं. पोरीनं चोरलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण तिनं नाव घेऊन सांगितलं होतं. नाव घेऊन सांगितलं, याचाच राग यावा आणि तो कुणापाशी बोलताही येऊ नये, अशी ती जळजळ होती. बार्शीच्या स्टँडवर भाग्यश्रीनं तिच्यासाठी केळी आणली. ती तिनं पिशवीत ठेवली आणि भूमला उतरल्यावर गाईपुढं टाकली.

निकाल लागला. भाग्यश्रीचं नाव होतं. अयोध्या प्रतीक्षा यादीत होती, आणि ती यादी पुढं सरकलीच नाही. भाग्यश्री पेढे घेऊन आली तो मंगळवार होता.

"उपास हाय मला," अयोध्या म्हणाली.

"पेढा उपासाला चालतो की, ताई."

"मला न्हाय चालत."

पोरीचा पुढं आलेला हात तसाच राहिला. मग तिनं पेढा देवीपुढं ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. त्या शुक्रवारी अयोध्याचे पाय पाचव्या दारापाशी थांबले नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाहीत. पोरगी सोलापूरला गेली, दारात तिची चप्पल दिसेनाशी झाली, तरी नाहीत.

बँकेतल्या बाईंच्या मैद्याची परडी घेऊन ती घरी आली, तेव्हा द्वारकाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी परडी पुढ्यात ओढली, पिठावरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, की हल्ली मीठ दिसत न्हाय. अयोध्यानं परात पुढं सरकवली. सासूनं तेच पीठ परातीत घेतलं, मैद्यामुळं भाकरी चिकटत होती ती पुन्हा पुन्हा सोडवून थापली, आणि तव्यावर टाकताना तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "आत्ता हाय तसा जोगवा देवीला पोचत नसंल बघ. गुडघे बरे असते तर म्या गेले असते."

एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. अयोध्याला मात्र दिवसभर दवाखान्यात सलाईन लावताना ते ऐकू येत राहिलं.

मंगळवारी चार घरं झाली आणि ती चांगुणाबाईंच्या दारात उभी राहिली. परडी पदराबाहेर काढली.

"अंबाबाईचा जोगवा, माय."

चांगुणाबाईंनी वर पाहिलं नाही. सुपातला खडा वेचून टाकला. "आज वाट चुकलीस का?"

"न्हाय, काकू."

त्या उठल्या, आत गेल्या आणि देव्हाऱ्याखालचा पितळी डबा घेऊन आल्या. झाकण काढलं. ज्वारीचं पीठ होतं, आणि मधून मधून खडेमीठ चमकत होतं.

"तुझंच हाय. दर खेपेला मूठभर काढून ठिवत गेले. जोगव्याचं म्हणून काढलेलं घरात कसं खावं?"

"काकू, मी..."

"मला कळतंय ते. तुझं व्हायाचं, ते माझ्या पोरीचं झालं. पण माझं बी ऐक." चांगुणाबाईंनी डबा कडेवर घेतला. "रोज फोन येतो तिचा. अयोध्याताई अशी सुई लावती, अयोध्याताईनं असं शिकवलं. बापामागं मी खुरपून तिला शिकवली, आन तिच्या तोंडात नाव तुझं. तू दारावरनं जायचीस, मला दिसायचीस. म्या मुद्दाम हाक मारली न्हाय. पीठ काढायचे, आन हाक न्हाय मारायचे."

मग अयोध्यानं परडी पुढं केली. चांगुणाबाईंनी डबा उपडा केला. पिठाचा ढीग परडीच्या काठावर आला. त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि ते बोट अयोध्याच्या कपाळाला लावलं.

"कशी हाय ती?" निकालानंतर पहिल्यांदाच अयोध्यानं विचारलं.

"आता वॉर्डात नेत्यात म्हणं. शीर सापडत न्हाय, म्हणून रडत होती परवा."

"थंडीत हात गार पडतात तिचे. पेशंटला हात लावायच्या आधी चोळून घे म्हणावं."

"बघ," चांगुणाबाई म्हणाल्या, "परत तुझंच."

त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं. अयोध्यालाही आलं, पण पुरतं नाही. वॉर्डातली ती पोरगी, पांढऱ्या कोटातली, तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि आत कुठंतरी अजूनही जळलं.

परडी जड झाली होती. ती दोन्ही हातांनी धरावी लागत होती, त्यामुळं पदर सावरता येईना. तो डोक्यावरून घसरला आणि खांद्यावर राहिला. गल्लीतल्या बायका दारातून बघत होत्या. अयोध्या उघड्या परडीनिशी चालत राहिली.

खांबाजवळ बँकेतल्या बाई दारात उभ्या होत्या. आज त्यांनी कुणाला तरी विचारलेलं दिसत होतं. हातात वाटी होती, वाटीत ज्वारीचं पीठ आणि शेजारी कुंकवाचा करंडा. पाच घरं झाली होती. अयोध्या क्षणभर घुटमळली, मग त्यांच्या उंबऱ्यापाशी आली आणि भरलेली परडी तिनं जपून पुढं केली.

"अंबाबाईचा जोगवा, माय."