इनासचं इमान

माझ्या बापाला गावात ‘इमान’ म्हणत. खरं नाव इग्नेशियस, घरचं इनास, पण रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की देवळाच्या पायऱ्यांवर हाक यायची ती ‘काय रे इमान’ अशीच; आमच्या बोलीत इमान म्हणजे विमान. लढाईच्या काळात ते हवाई दलात होते, बर्माच्या सरहद्दीवर. “मी स्पिटफायरवर होतो,” लढाऊ विमानाचं नाव घेऊन एवढंच ते सांगत. त्यावर गाव म्हणायचं, स्पिटफायरवर कसला, चुलीवर होता, गोऱ्यांचा भात रटरटवत. पाचवीत असताना मी वर्गात छाती फुगवून बापाची लढाई सांगितली, आणि पोरं ‘भात, भात’ ओरडत मला थेट घरापर्यंत सोडायला आली. तेव्हापासून एकच गोष्ट मला आतून पोखरत होती. हा माणूस खरं बोलतो की थापा मारतो?

१९७८च्या मे महिन्यात माझा मेव्हणा कॉन्रॅड बहारीनहून आला आणि माझ्या हातात एक खोका देऊन गेला. खोक्यावर ढगांतून झेपावणारं स्पिटफायर. आत प्लास्टिकच्या पट्ट्यांना लटकलेले राखाडी तुकडे, गोंदाची ट्यूब आणि कुठला तुकडा कुठे जोडायचा त्याची चित्रं काढलेला कागद. अस्सल विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, म्हणजे एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत वीतही न भरणारं. मी शाळेत गणित शिकवतो, परीक्षा घेण्याची खोड हाताला लागलेली. मनात आलं, झालं, हीच बापाची परीक्षा. विमान जोडायचं, त्यांच्या हातात द्यायचं आणि बोलायला लावायचं.

गोंद वाळेपर्यंत हात लावू नये, असं कागदावर लिहिलं होतं. आता मला शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही. पंख चिकटवला की मी खोलीत चार फेऱ्या मारायचो आणि चिकटला का बघायला तो हलवायचो. तो निखळायचा. पुन्हा गोंद, पुन्हा फेऱ्या. जेवताना पाय हलत राहायचा, भांडी वाजायची. माझी बायको रोझमेरी म्हणाली, “विमान जोडताय की विंचू चावलाय?” शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवली, तेव्हा बोटांना गोंद होता. काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. एवढ्याशा काचेकडे कोण बघतंय, म्हणून मी तो तसाच सोडला.

पापा ओट्यावर बसून उन्हात घातलेली सुकेळी उलटत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाळलेलं केळं कुठल्या बाजूने ओलं आहे ते बोटांनीच ओळखायचे. मी विमान त्यांच्या हातात दिलं.

“ओळखा बघू काय आहे ते.”

त्यांनी हात पुसले. शेपटीवरून, पंखांवरून बोटं फिरली. चेहरा असा हळवा झाला की मला बघवेना. मग बोटं नाकापाशी आली आणि थांबली.

“फर्डी, पाती तीनच हायत.”

“हो.”

“चार पायजेत.”

मी आत धावलो. कागदावर तीन. खोक्यावरच्या चित्रात तीन. पट्टीलाही तीनच पात्यांचा पंखा आला होता. तीस वर्षं पोटात साचलेलं सगळं एकदम वर आलं.

“पापा, हे बनवणारे काय येडे आहेत? तुम्ही स्पिटफायर कधी जवळून पाहिलंय तरी का? भातच शिजवत होता ना तिथे?”

त्यांनी विमान हळूच ओट्यावर ठेवलं आणि सुकेळी उलटू लागले. आत्ताच उलटलेली होती, तीच पुन्हा. मी आत येऊन येरझाऱ्या घालू लागलो. बरं वाटायला हवं होतं, सोक्षमोक्ष लागला होता. पण वाटत नव्हतं.

रोझमेरीने बटणं ठेवायला रिकामा खोका उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. “अहो, इथे बाजूला बारीक अक्षरांत पाच नंबर लिहिलाय. विमानांना नंबर असतात?”

मी फेऱ्या मारतच राहिलो. तिने ओट्यावर जाऊन पापांनाच विचारलं.

“सुधारून सुधारून बनवायचे, तसा नंबर वाढायचा,” ते मान वर न करता म्हणाले. “पाचव्याला तीन पाती. आमचं आठवं होतं, त्याला चार.”

उदाहरण आधी पूर्ण वाचा, असं मी पोरांना वर्गात रोज सांगतो. आता मला तोंड लपवायला जागा नव्हती. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की गावभर पळत सुटावंसं वाटत होतं. मी ओट्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

“पापा, चुकलो. येत्या रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांना सांगतो, माझे पापा लढाऊ विमानं दुरुस्त करायचे म्हणून.”

“दुरुस्त नाय,” ते म्हणाले. “मी काच पुसायचो.”

त्यांनी आणखी एक सुकेळं उलटलं.

“पयल्या वर्षी भातपन शिजवला. मंग काच. काचेवर मोहरीएवढा ठिपका राहिला, तर वर आभाळात तो दुश्मनाचं इमान वाटतो. नायतर दुश्मनाचं इमान ठिपका वाटतं, आणि मानूस मरतो.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“तू इचारलं कदी?”

खरंच नव्हतं विचारलं. परीक्षा घेतली होती. माझे डोळे भरून आले, आणि त्यांना ते दिसत नव्हतं याचंही वाईट वाटलं.

त्यांनी विमान पुन्हा हातात घेतलं आणि पात्यांना हातही न लावता सरळ काचेवर अंगठा टेकला. तो जागच्या जागी थांबला.

“हा कोनाचा अंगठा?”

“माझा.”

त्यांनी बनियनचं टोक ओढलं, काचेवर फुंकर घातली आणि पुसू लागले, वरून खाली, एकाच दिशेने.

“पापा, गोंद आहे तो. जायचा नाही. राहू द्या आता.”

“तू बस गप,” ते पुसता पुसता म्हणाले. “काच साफ झाल्याबिगर मी एकपन इमान सोडलं नाय.”