व्याह्यांची झडती

दुकानाच्या दारातला चोरी पकडायचा भोंगा वाजला तेव्हा दारात नेमके अमृतराव होते. आमचे दारावरचे चौकीदार शेषेरावमामा, त्यांचे व्याही! मामांच्या शिल्पाला कंधारला त्यांच्याच घरी दिलंय. लग्नात वरणात मीठ कमी पडलं म्हणून हा माणूस दोन तास जानोशातून बाहेर आला नव्हता. अशा माणसाची झडती घ्यायची म्हणजे, बाई गं, पोरीच्या संसारात आपल्याच हातानं काडी टाकायची.

मी तनुजा, तीन नंबरच्या काउंटरवर बिलं करते. दार माझ्या अगदी समोर, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. नांदेडहून मुदखेडला जाणाऱ्या रस्त्यावर हे मोठं दुकान निघालं आणि आम्ही लांबून येणारी माणसं रोज उशिरा पोचायला लागलो. तेव्हा कुठं कंपनीला जाग आली नि मागच्या अंगाला कामगारांसाठी खोल्या बांधल्या. एक खोली, ओटा, घरात नळ. दारावरची नोकरी तीन महिने नीट केली की मामांना त्यातली एक मिळणार होती. आज तीन महिने पुरे होत होते, संध्याकाळी नावांची यादी लागणार होती.

केवळाबाईमामी तर मनानं कधीच राहायला आल्या होत्या. चाळीस वर्षं त्या दिरा-जावांच्या घरात लुगड्याच्या पडद्याआड राहिल्या. मागच्या गुरुवारी रिकामी खोली बघायला आल्या, तर त्यांनी आतून कडी लावली, काढली, परत लावली.

"तनुजे, कडी लावली की कुणी आत येत न्हाई बघ," असं म्हणून लहान पोरीसारख्या हसल्या.

नियम एकच होता. भोंगा वाजला की तपासायचं, मग समोर कोणी का असेना. आधीचे दोन चौकीदार ओळखीच्यांना सोडलं म्हणूनच घरी गेले. मामांनी मात्र आजवर कोणाला सोडलं नव्हतं. आमचे मॅनेजर रविकिरण सर, त्यांचीसुद्धा पिशवी एकदा उघडली, तर केस काळे करायच्या तीन पुड्या निघाल्या! तेव्हापासून सर मामांशी जरा जपूनच बोलतात.

"रामराम पाव्हणे," मामा म्हणाले. "शिल्पा बरी हाय?"

"बरी हाय. हे कामून बोंबलून राहिलंय?"

"मशीन हाय ते. जरा... पिशवी..."

"माझी पिशवी? इवायाची झडती घेता व्हय, शेषेराव?"

"झडती न्हाई पाव्हणे. नुसती नजर टाकतो."

अमृतरावांनी रागारागानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि छाती पुढं काढून मोकळ्या हातानं दारातून गेले. भोंगा वाजला. तणतणत परत आत आले, परत वाजला.

"अगं माय," रांगेतली एक बाई खुशाल बोलली, "पिशवी न्हाई, माणूसच वाजून राहिलाय!"

सगळी रांग हसली. मीही हसले, आणि तेवढ्यात मला त्यांच्या सदऱ्याच्या उसवलेल्या काखेतून डोकावणारं काळं बटण दिसलं. चोरी होऊ नये म्हणून आम्ही नव्या कपड्यांना लावतो ते. गळ्यातून आतली तांबडी लोकर दिसत होती. थंडीचे दिवस. गृहस्थांनी बिनबाह्यांचं स्वेटर घालून पाहिलं, ऊब लागली, त्यावर सदरा चढवला आणि निघाले घरी!

अमृतरावांनाही तेव्हाच उमगलं. हात छातीवर गेला आणि तोंड उतरलं. एवढ्यात रविकिरण सर धावत आले.

"काय झालं, मामा?"

मामांनी एकदा व्याह्यांकडं पाहिलं. "आहेर हाय सर," ते म्हणाले.

"काय आहे?"

"आमच्यात इवाई दारात आला की आहेर करतेत. हे दार माझंच की. स्वेटर म्याच घातलं त्यांच्या अंगात. बिल करायचं राहून गेलं."

"म्हणजे बिल न करता माल तुम्ही बाहेर काढत होतात?"

"हाव सर. चूक माझी."

मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर व्याही भर दुकानात चोर ठरत होते, आणि तिकडं सासरी शिल्पानं काय ऐकलं असतं ते देवच जाणे. सरांनी खिशातून खोल्यांची यादी काढली, नाव खोडायला पेनाचं टोपण उघडलं. खोटं कशाला बोलू, मला मामी आठवल्या आणि रडूच आलं.

"थांबा साहेब." अमृतरावांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, तेही बायामाणसांसमोर. स्वेटर काढून त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं. "हा माणूस खोटं बोलून राहिलाय. घातलं म्या, इसरलो मी. त्यानं तर मला अडवलं. इवाई असून अडवलं."

 सरांनी टोपण लावलं आणि यादी घडी करून खिशात ठेवली.

"मामा, तुमचं नाव आहे तिथंच आहे," ते म्हणाले.

मामांनी माझ्यापुढं पैसे ठेवले. "कर बिल. माझ्या नावानं."

"राहू द्या हो," अमृतराव म्हणाले. "खामखा कशाला?"

"आहेर म्हणलो म्हणजे म्हणलो, पाव्हणे."

 मी बिल केलं, बटण काढलं. अमृतरावांनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या आणि स्वेटर वरून घातलं, सगळ्यांना दिसेल असं.

पिशवी उचलून दारातून गेले तेव्हा काही वाजलं नाही. तरी ते थांबले, माघारी वळले आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून मामांपुढं धरलं.

"बघा शेषेराव. तुमचं काम हाय ते."

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली, पिशवीतलं बिल हातात घेतलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली.