एकोणतीस अक्षरांचा शब्द

कानिफनाथ मास्तरांची डिक्शनरी मला हवी होती, आणि हवी म्हणजे हवीच होती. काष्टीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर दर रविवारी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांशी शब्दांचा खेळ खेळत. आपण लांबलचक इंग्रजी शब्द न्यायचा, अर्थ मास्तरांनी सांगायचा. मास्तर अडले, तर डिक्शनरी आपली. अट एकच, पण भलती चिवट. मग अर्थ आपण सांगायचा, आणि तो त्यांच्या बायकोला, राहीकाकूंना, कळला पाहिजे. काकूंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ऐकून घरातलं एखादं उदाहरण दिलं, की शब्द पास.

बहात्तरच्या दुष्काळात मी एकोणतीस अक्षरांचा शब्द घेऊन गेलो. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन! पाठ करताना जीभ सोलून निघाली होती. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हरलो बुवा," ते म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं.

काकू रेशनचा मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, निवडत बसल्या होत्या. मी ऐटीत सांगितलं, "काकू, एखादी गोष्ट काहीच कामाची नाही असं ठरवून टाकणं, हा त्याचा अर्थ."

काकूंनी अंगठा वर केला. त्याला निळी शाई होती.

"ह्यो मिलो आनायला काल गेल्ते. दुकानदार हसला. म्हनला, मास्तरीनबाई, तुमीबी अंगठाच? तीस वर्सं हे मला इचारत्यात, शब्द कळला का. पर मला चार अक्षरं शिकवावी, असं ह्यांना कवा वाटलं न्हाई. ह्येच ना त्ये?"

"हेच," मी म्हणालो. खोटं बोलायची सोयच नव्हती.

मला मास्तरांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. इतकी वर्षं काकूंच्या हातचा चहा पिताना मला तरी कुठे सुचलं होतं? मास्तरांनी डिक्शनरी माझ्यापुढे सरकवली. माझ्याने ती उचलवेना. "पुढच्या रविवारी नेतो," म्हणून मी सटकलो.

पुढच्या रविवारी गेलो, तर डिक्शनरीवर पाटी टेकवून काकू लिहीत होत्या. मास्तर शेजारी, पेन्सिलीला टोक करत. मी सवयीने तोंड उघडलं.

"थांब जरा," मान वर न करता काकू म्हणाल्या. "आज माझा शब्द चाललाय. राहीबाई. लई लांब हाय रे."