रविवारच्या सुपारीआधी

घर घ्यायला निघालेला माणूस गप्प बसत नाही. पाणी कितव्या दिवशी येतं, गच्ची कुणाची, खाली गाडी लागते का, विचारून विचारून डोकं खातो. बीडमध्ये लोकांच्या गृहकर्जाच्या फाईली करून देताना मी आधी हेच ऐकत बसते. माणसाला नेमकं काय हवंय, ते त्यातच कळतं. अंगदनं मात्र एवढंच विचारलं, "मॅडम, मंजुरीपत्र शनिवारपर्यंत मिळंल ना?"

शेजारी त्याचे वडील मोहनराव बसले होते. कडा गावाकडचं वजनदार प्रस्थ, माझ्या निम्म्या फाईली त्यांच्या शब्दावर येतात. मागं आई छबुबाई, पदर सावरून गप्प.

"फ्लॅटचं स्वयंपाकघर पाहिलंत का?" मी छबुबाईंना विचारलं.

"कंचा फ्लॅट?" त्या म्हणाल्या.

मोहनराव हसले. "मोहिनीताई, तुमच्यापासून काय लपवायचं? रविवारी पोराची सुपारी हाय. पोरीकडच्यांना शहरात फ्लॅट पायजे. पत्र दाखवू, लगीन उरकू, मग बुकिंग रद्द. तुमचं कमिशन मी देतो."

माझं डोकंच फिरलं. यांना घर नकोच होतं. सून हवी होती, आणि तिला फसवून आणायला माझी फाईल हवी होती.

"ही फाईल मी करणार नाही."

"मग आमच्या भागातली एकबी फाईल हितं येणार न्हाई," मोहनराव शांतपणे म्हणाले.

हा माणूस बोलतो तसं करतो. तरी मी कागद उचलून त्यांच्यापुढं सरकवले.

तेवढ्यात छबुबाई उठल्या. "माज्या बापालाबी ह्यांनी असंच आपलं म्हणून चुलत्याचं घर दाखवलं होतं. लगीन होऊन आले, गाडीतनं उतरले आन् त्याच दारात जाऊन हुबी ऱ्हायले. समदं गाव हसलं. तवापासून ह्यांचा एक शब्द म्या खरा धरला न्हाई."

"गप बस!" मोहनराव ओरडले.

"न्हाई बसत. अंगद, लाव त्या पोरीला, सुकन्याला फोन."

अंगदनं बापाकडं पाहिलं, मग आईकडं. शेवटी नंबर लावला आणि स्पीकर चालू करून मोबाईल टेबलावर ठेवला.

"पोरी, मी अंगदची आई. फ्लॅट-बिट काय न्हाई. शेतातलं घर हाय आमचं. कर्जाचं पत्र दाखवून तुला फसवायचं चाललंय."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"हे अंगदला म्हाईत हाय?"

मोहनरावांनी फोनकडं हात नेला, तो छबुबाईंनी मध्येच धरला.

"हाय," अंगद म्हणाला.

"फ्लॅट आमच्या आबांना पायजे होता," सुकन्या म्हणाली. "मला शेतातलं घरबी चाललं असतं." आणि तिनं फोन ठेवला.