कुलूपवाल्याच्या अँटीबॉडी

पाहणीत प्रत्येक दहावं घर घ्यायचं होतं आणि कुलूपवाल्याचं घर नेमकं दहावं निघालं. याआधी त्याचा नंबर कशातच लागला नव्हता, शाळेतसुद्धा नाही.

"साथ किती जणांना होऊन गेली ते मोजतोय, काका," सुईवाली मुलगी पेटी उघडत म्हणाली. "बोटातून थेंबभर रक्त. आजार होऊन गेला असेल तर अँटीबॉडी सापडतात. पंधरा मिनिटांत कळतं."

"यांना झाला होता की!" आतून त्याची बायको म्हणाली. "यमाच्या दारातून ओढून आणलंय मी. सतरा दिवस कोठीच्या खोलीत होते. लिहून घे."

कुलूपवाल्याने हात पाठीमागे नेला.

खरी गोष्ट अशी, की चार महिन्यांपूर्वी त्याला साधं पडसं झालं होतं आणि ते तिसऱ्या दिवशी बरंही झालं होतं. पण तोवर बायकोने कोठीला बाहेरून कडी घातली होती, दाराला टेकून बसली होती आणि बोलायला लागली होती. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांचं बोलणं "मीठ संपलंय" आणि "बघतो" यापलीकडे गेलं नव्हतं. दाराआडून मात्र ती सुटली. लहानपणी पाळलेली एकडोळी मांजर. लग्नाआधी पळून जायचा बेत, जो बस चुकल्यामुळे बारगळला. मग तोही बोलला. त्याला जहाजाचा कप्तान व्हायचं होतं. पोहता येत नाही, हे कोणी वेळेवर लक्षातच आणून दिलं नाही. गावभरची कुलपं उघडणारा हा माणूस एका साध्या कडीमागे सुखाने बसून राहिला. गप्पा आटल्या की शास्त्रापुरता खोकायचा.

साथ ओसरली, कडी निघाली आणि दोघं पुन्हा मिठावर आली. तेव्हापासून तो अधूनमधून काहीतरी शोधायच्या निमित्ताने कोठीत जाई आणि धान्याच्या वासात दहा मिनिटं नुसता बसून येई.

आता रक्त बोलणार होतं. सतरा दिवस फसवलं म्हणून बायको मिठाचंही बोलायची बंद झाली तर?

"हिचं घे," तो म्हणाला. "हिचं रक्त चांगलं आहे."

"दोघांचंही घेते."

पंधरा मिनिटं तिघं दोन पट्ट्यांकडे बघत बसली.

"काका, तुमच्यात काहीच नाही. तुम्हाला बहुतेक झालाच नव्हता. काकू, तुम्हाला मात्र होऊन गेलाय."

कुलूपवाल्याने आ वासला.

"माहितीये," बायको शांतपणे म्हणाली. "आठव्या दिवशी भाजी करपली, तेव्हा बंद दाराआडून 'करपतंय' म्हणून ओरडलात तुम्ही. मी चुलीपाशी, आणि मला वास म्हणून नाही. तेव्हाच कळलं, रोगी दाराच्या अलीकडे आहे."

"मग कडी का नाही काढलीस?"

"काढली असती तर तुम्ही बाहेर येऊन गप्प बसला असतात. आणि मला अजून बरंच सांगायचं होतं."

"म्हणजे काय काय?" त्याने विचारलं.

ती हात पुसत त्याच्यासमोर बसली. "माझ्या मावशीने दोन लग्नं केली होती. एकाच माणसाशी."

मुलीला फॉर्मवर सही हवी होती. तिने दोनदा मागून पाहिली. मग पेटी मिटून तीही ऐकत बसली, कारण मावशीच्या दुसऱ्या लग्नात आताशी कुठे वरात निघत होती.