राख झेलणारा डबरा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबरा आहे, आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला साधुसंत समजणार नाही.

डबरा म्हणजे काय, हे तंजावुरात कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्यासाठी सांगतो. फिल्टर कॉफीचा पेला ज्या रुंद, बसक्या भांड्यात उभा राहतो, ते भांडं म्हणजे मी. कुंभकोणमच्या एका कारागिराने पेल्याला आणि मला एकाच पत्र्यातून घडवलं. कॉफी पेल्यातून माझ्यात आणि माझ्यातून पेल्यात ओतली की निवते, वर फेस येतो. पण कौतुक कुणाचं? कॉफीचं. मूठ कुणाभोवती? पेल्याभोवती. मी आपला खाली बसून सांडलेलं झेलणार. मत्सराला इतकं पुरे होतं.

आम्ही लागलो सुरेंद्रच्या हाताला. घर मराठी; पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात मुरलेलं. सुरेंद्र एका भातगिरणीच्या कचेरीत टायपिस्ट होता आणि सिगारेट ओढत होता. घरात त्याचे वडील सीतारामराव. अशा घरात बापासमोर सिगारेट ओढणं सोडाच, राखदाणी विकत आणणं म्हणजेसुद्धा कबुली दिल्यासारखं. म्हणून सुरेंद्र कॉफी घेऊन परसात जाई, पेला रिकामा करी आणि राख माझ्यात झाडी. पेला घासून पुन्हा स्वयंपाकघरात. मी मात्र विहिरीच्या कठड्यामागे लपवलेला. त्याची बायको भुवना हिने पेल्याला नवा स्टीलचा डबरा जोडून दिला. त्या चकचकीत मेल्याचा मी किती हेवा केला, ते विचारू नका.

पण त्याहून जास्त हेवा केला सिगारेटचा. सुरेंद्रचं मन आधी तिला कळायचं, मग मला. राग आलेला असला की थोटूक लांब राहायचं, पण चेचलेलं. कंटाळा असला की ती बोटांत नुसती जळायची आणि राखेचा लांब तुकडा अख्खा माझ्यात पडायचा. उदास असला की थेट फिल्टरपर्यंत. बरं, आनंद झाला तरी तीच. मुलगी हरिता तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात गाऊन आली, तेव्हा माणसाने मिठाई खावी की नाही? हा परसात.

मग कचेऱ्यांतून संगणक यायला लागले. गिरणीतही आला आणि सुरेंद्रचा टाइपरायटर कापडाखाली गेला. त्याच्या जागी प्रवीणकुमार नावाचा ताजा पदवीधर. सुरेंद्र त्याला शेजारी बसून कागद वाचून दाखवी. त्या दिवसांत मी संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरायचो.

लवकरच जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. डॉक्टर गुरुमूर्तींनी छातीला नळी लावली आणि भुवनेसमोरच सांगितलं, "आत शिट्टी वाजते आहे. आत्ता थांबलात तर छाती वाचेल. पुढे आलात तर माझ्या हातात काही नाही."

सुरेंद्र थांबला नाही, त्याने पाकीट बदललं. टीव्हीवर तेव्हा नव्या, हलक्या सिगारेटींच्या जाहिराती चमकत. पांढरंशुभ्र पाकीट, औषधाचं वाटावं असं.

"हे बघ, यांत निकोटिन अर्धंच," त्याने भुवनेला सांगितलं.

"म्हणजे अर्धी सुटली की," ती म्हणाली. बिचारीने देवापुढे नारळ फोडला.

मित्रांनो, पाकीट तिने पाहिलं. थोटकं मी पाहिली. अंगाला जेवढ्या निकोटिनची सवय लागलेली असते, तेवढं ते मागून घेतंच. कडक सिगारेट तो अर्धी टाकायचा. हलकी मात्र गाल आत जाईतो ओढायचा, फिल्टरची बारीक भोकं बोटांनी दाबून, आणि लगेच दुसरी. प्रवीणकुमारला बढती मिळाली त्या संध्याकाळी राख माझ्या काठावरून खाली सांडली. आणि भुवना शेजारणीला सांगत होती, "आमच्याकडे आता हलकी चालते."

एके दिवशी ओरत्तनाडूहून भुवनेच्या माहेरची मंडळी आली. भांडी कमी पडली. सुरेंद्रची बहीण नागलक्ष्मी हाताला लागेल ते शोधत परसात आली. मी दिसलो. तिने मला विसळलं, कॉफीसाठी सीतारामरावांच्या पुढ्यात ठेवलं. इतक्या वर्षांनी मी बैठकीत. मान ताठ करून बसलो.

म्हाताऱ्याने कॉफी माझ्यात ओतून निववली, एक घोट घेतला आणि थांबला. सुरेंद्रने मला ओळखलं. त्याचा चेहरा उतरला.

"नागलक्ष्मी, पावडर कोणत्या दुकानची गे?"

"नेहमीचीच, अप्पा. बरी नाही का?"

"बरी आहे. जरा भाजकी लागते." आणि सगळ्या व्याह्यांदेखत त्यांनी ती राखेची कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

पाहुणे गेले. सुरेंद्र परसात आला, हात खिशाकडे गेला, तोच मागे काठी वाजली. सीतारामराव धुण्याच्या दगडावर येऊन बसले.

"अप्पा, आंत जा. डास आहेत इथं."

"मलाच चावतात काय? तुला नाही?"

मग सुरेंद्र खाली बघत म्हणाला, "हलकीच आहे, अप्पा. पूर्वीची नव्हे."

"मग पूर्वीपेक्षा जास्त वेळां कां येतोस इकडे?"

सुरेंद्रने खिशाकडचा हात खाली घेतला.

"आज काय झालं कचेरींत?"

"काही नाही." मग तो म्हणाला, "तो पोरगा आज मला सर म्हणाला. दया येऊन."

"बैस," म्हातारा म्हणाला. "सांग."

बापासमोर पाकीट बाहेर काढण्याची सुरेंद्रची छाती नव्हती. ती लाज त्याच्या हाडात होती. म्हाताऱ्याने नेमकी तीच धरली. दुसऱ्या दिवशी सुरेंद्र परसात आला की काठी मागे हजर. सकाळी, जेवणानंतर, कचेरीतून आल्यावर. सुरेंद्र चिडला, भुवनेवर खेकसला, एकदा तर जोरात म्हणाला, "अप्पा, मला एकटं सोडा." म्हातारा म्हणाला, "सोडतो. आधी हे डास जाऊं देत." आणि हलला नाही. पोंगलला सुरेंद्रने मित्राच्या घरी एक ओढलीच. येऊन स्वतःच सांगितलं. पुढच्या आडीत, म्हणजे आषाढाच्या सुमारास, कावेरीला पाणी आलं, तेव्हा सुरेंद्र म्हाताऱ्याला भरलेलं पात्र दाखवायला पायी घेऊन गेला, आणि धाप म्हाताऱ्याला लागली.

भुवनेने मला चिंचेने घासलं, पण वास गेला नाही. म्हणून मी अजून कठड्यामागेच आहे, रिकामा.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं परसात, गच्चीवर, गल्लीच्या टोकाला जात असेल, तर पाकिटावर काय छापलंय ते वाचून निर्धास्त होऊ नका. कोणत्या वेळी, कोणत्या मनाने जातो ते बघा आणि शेजारी जाऊन बसा. मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याची राख माझ्यात पडायची; मला त्याचं सगळं कळत होतं आणि काहीही करता आलं नाही. त्या म्हाताऱ्याने नुसतं बसून दाखवलं. पेल्याचा हेवा मी कधीच सोडून दिला. त्या काठीवाल्याचा मात्र सुटत नाही.