तिची नजर माझ्यावर होती

मित्रांनो, मी एक जुने बूच आहे. गळाच्या दोरीत ओवलेले, अंगठ्याएवढे, वरून लाल आणि खालून मातकट. आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे असे मला कधी वाटलेच नाही. पाण्यावर तरंगायचे आणि कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघायचे, एवढेच माझे काम. त्यात कसली आली गोष्ट? पण एका सकाळी असे घडले, की जी माझ्याकडे बघत होती तिने माझ्यावरची नजर काढावी म्हणून मी तळमळले. ती सकाळ तुम्हाला सांगायची आहे. मला नीट सांगता येईलच असे नाही. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

आधी मी एका थर्मासचे बूच होते. तो थर्मास एका शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशिनच्या फळीवर असायचा. गरम चहाची वाफ अंगावर घेत मी तिथे बरीच वर्षे काढली. एके दिवशी कापडाच्या गठ्ठ्याचा धक्का लागला आणि थर्मास खाली पडला. आतली काच खळ्ळकन फुटली. थर्मास भंगारात गेला, पण शिंप्याने मला खिशात टाकले. चिंधी असो, तुटके बटण असो, त्या माणसाच्या हातून काही फेकले जात नसे.

पुढे त्याची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, आणि दुकान बंद झाले. तोवर तो आजोबाही झाला होता. त्याची सात वर्षांची नात एका जागी क्षणभर टिकत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. तिला मासे धरायला शिकवायचे, असे आजोबांनी ठरवले. त्यांनी बांबूची एक सरळ काठी तासली. जुन्या ब्लेडने मला कोरून गोल केले. तापवलेल्या दाभणाने माझ्या पोटातून आरपार भोक पाडले. दुखले, खोटे कशाला सांगू! मग त्यातून तंगूस ओवला, म्हणजे गळाचा तो चिवट, पारदर्शक दोरा. शेवटी सुनेची नेलपॉलिशची बाटली आणून माझे डोके लाल रंगवले.

"बाबा, अर्धी बाटली संपवलीत!" भिंगरीची आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, माशांच्या घरी जायचंय त्याला. नटायला नको?" आजोबा म्हणाले.

पहिले धडे मोरीतल्या टबात झाले. आजोबांनी तंगुसाला गळ बांधलाच नाही. गळाऐवजी शर्टाचे एक बटण बांधले. ते पाण्यात हात घालून खालून बटण ओढायचे आणि वर मी हलायचे. बटण नुसते टिचकावले की मी थरथरायचे. मुठीत धरून ओढले की गडप व्हायचे.

"थरथरतंय तोवर मासा नुसता चाखतोय. तेव्हा हलायचं नाही," आजोबा सांगायचे. "बुडालं की उचलायचं."

"आणि उचललं तरी नाही आला तर?"

"तर त्याचं नशीब चांगलं. आपण गळाला कणकेची दुसरी गोळी लावायची."

भिंगरी टबात इतक्या जोरात हिसका द्यायची, की बटण उडून आजोबांच्या चष्म्यावर आपटायचे. मोरीभर पाणी व्हायचे आणि आई दोघांनाही एकाच पट्टीत रागवायची.

मग आम्ही तळ्यावर जाऊ लागलो. तळे गावाच्या टोकाला होते आणि त्याचे काठ दगडांनी उतरते बांधलेले होते. वळणापलीकडे पंपघर होते. तिथे पंपवाला काका असे, त्याचा पंप सकाळभर घरघरत असे आणि त्यापुढे कुणाची हाक ऐकू जात नसे. तिथे बटणाच्या जागी खरा गळ आला आणि गळाला कणकेची गोळी. पण भिंगरीला स्वस्थता कुठली! ती दगड फेकायची, गाणी म्हणायची, पाण्यात पाय आपटायची.

"तू मासे धरायला आलीस की त्यांना पोहायला शिकवायला?" आजोबा विचारायचे.

शेवटी त्यांनी एक दिवस तिला समोर बसवून बजावले. बोलायचे नाही. काठी हातातून सोडायची नाही. आणि काहीही झाले, मागे कुणी हाक मारली, आभाळ पडले, तरी नजर बुचावरून काढायची नाही. "हे जमलं ना, तर मासा आपणहून येईल बघ."

मित्रांनो, तिला ते जमले. आणि ज्या सकाळी जमले, तीच ही सकाळ.

आजोबांना मधुमेह होता. रोज सकाळी ते पोटावर इंजेक्शन घेत. ते घेतल्यावर वेळेवर खावे लागते. नाहीतर रक्तातली साखर फार उतरते आणि माणसाची शुद्ध हरपते. घरात सगळ्यांना हे माहीत होते. भिंगरीलाही. त्या सकाळी आजोबा इंजेक्शन घेऊन लगेच चपला घालू लागले, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, दोन घास खाऊन जा."

"अगं, ऊन चढलं की मासे तळाला जातात. आलोच तासाभरात."

"मग बिस्किटं तरी न्या."

"घेतली, घेतली," आजोबा म्हणाले. बिस्किटे टेबलावरच राहिली होती. मी काठीला गुंडाळलेले होते, मला ती दिसत होती. पण बुचाला तोंड नसते.

तळ्यावर पोचल्यावर भिंगरीने स्वतः गोळी लावली, स्वतः गळ टाकला. मी पाण्यावर उभे राहिले. ती काठावरच्या सपाट दगडावर बसली. आजोबा तिच्या मागे, जरा डावीकडे, उतारावर बसले. तिथे त्यांच्या पायाखालच्या दगडांवर शेवाळ होते आणि खालचे पाणी खोल होते.

भिंगरी हलली नाही. तिच्या पायावर मुंगी चढली, तरी हलली नाही. तिचे दोन काळेभोर डोळे माझ्यावर रोवलेले होते. तसे कुणी माझ्याकडे कधी बघितले नव्हते. मला फार अभिमान वाटला. थोडा वेळ मी दुसरे काही बघितलेच नाही.

मग माझे लक्ष आजोबांकडे गेले. त्यांच्या कपाळावर घाम होता. सकाळचा वारा गार होता आणि त्यांचा शर्ट छातीला चिकटला होता. ते बोटांनी हवेत काहीतरी चाचपत होते, जणू हरवलेली सुई शोधत होते.

"काजं राहिली," ते पुटपुटले. "कॉलर लावली, पण काजं राहिलीच."

भिंगरीला खुदकन हसू आले. पण तिने मान वळवली नाही. "शू! आजोबा, बोलायचं नाही. तुम्हीच म्हणालात ना?"

आजोबा गप्प झाले. त्यांची मान एका बाजूला कलली. मग खांदा कलला. मग त्यांचे अंग शेवाळावरून वीतभर खाली घसरले आणि तिथेच अडकले. आवाज म्हणाल तर झाला नाही. झाला असता तरी पंपाच्या घरघरीत बुडाला असता.

आता काय करावे? मला सगळे दिसत होते. बुचाला पाठ नसते, ते चारी बाजूंनी बघते. पण मला हाक मारता येत नव्हती, हात दाखवता येत नव्हता. आणि ती पोर माझ्याकडेच बघत होती! शिकवले तसे, अगदी मन लावून. बाळ, मागे बघ. माझ्यात काही नाही, मी थर्मासचे टाकाऊ बूच आहे. मागे बघ. मी मनात हेच घोकत होते आणि पाण्यावर शहाण्यासारखे ताठ उभे होते. मला दुसरे काही येतच नव्हते.

इतक्यात खाली काहीतरी लागले. मी थरथरले. भिंगरीने काठी आवळली. पण ती थांबली, तिला शिकवले होते तशी. मी पुन्हा थरथरले आणि एकदम खाली ओढले गेले. तिने काठी उचलली. काठी वाकली, तंगूस ताणला गेला. मासा मोठा होता.

"आजोबा, लागला!" ती कुजबुजली. नजर माझ्यावरच. "खेचू का?"

उत्तर नाही.

"आजोबा, खेचू की थांबू? सांगा ना!"

उत्तर नाही.

"आजोबा, रागावलात का? मी उगाच नाही बोलले, खरंच मासा आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. नियम मोडायचा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हते. मासा ओढत होता, काठी हातातून निसटू बघत होती. आणि मग, मित्रांनो, तिने मान वळवली.

ती किंचाळली. धावत आजोबांपाशी गेली आणि त्यांची बाही धरून ओढू लागली. पण एकाच हाताने! दुसऱ्या हातात काठी तशीच घट्ट होती, कारण काठी सोडायची नाही असे तिला बजावले होते. आजोबांचे डोळे अर्धे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. तिने ओढले तसे ते आणखी खाली घसरले. त्यांच्या चपलेला पाणी लागले.

"काका! पंपवाले काका!" ती ओरडली. पंप घरघरतच होता.

तिने एकदा आजोबांकडे बघितले, एकदा हातातल्या काठीकडे. मग काठी भिरकावून दिली आणि ती पंपघराकडे पळत सुटली.

काठी पाण्यात पडली. मासा ती ओढू लागला आणि तिच्याबरोबर मीही ओढले गेले. मासा खोल गेला की मी पाण्याखाली जाई, तो वर आला की मीही वर येई. वर आले तेव्हा आजोबांचे पाऊल पाण्यात होते. खाली गेले. वर आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होता आणि दुसराही घसरत होता. भिंगरी वळणाआड दिसेनाशी झाली होती. पुन्हा खाली गेले. पाण्याखाली पंपाची घरघर अंगावर येत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. वर आले तेव्हा ते कमरेपर्यंत पाण्यात होते आणि त्यांची हनुवटी छातीला टेकली होती. आणखी एकदा घसरले असते तर संपलेच होते. मला बघवत नव्हते, आणि मिटायला मला पापण्या नव्हत्या. माशाने मला पुन्हा खाली नेले.

मी पाण्याखाली असतानाच घरघर थांबली.

तळे इतके शांत झालेले मी कधीच ऐकले नव्हते. त्या शांततेत पावले वाजली, जड पावले, दगडांवर धपधप. वर आले तेव्हा पंपवाला आजोबांच्या काखांत हात घालून त्यांना वर ओढत होता. तो जाडजूड माणूस एरवी चार पावले चालला तरी धापा टाकत असे. मागून भिंगरी रडत रडत सांगत होती, "इंजेक्शन घेतलं होतं त्यांनी, आणि खाल्लं नव्हतं. काहीच खाल्लं नव्हतं!"

"साखर! पळ, माझ्या चहाच्या डब्यातून साखर आण!" पंपवाला म्हणाला.

तिने मूठ भरून आणली. निम्मी वाटेत सांडली होती. पंपवाल्याने आजोबांना कुशीवर वळवले आणि चिमटी चिमटीने साखर त्यांच्या गालाच्या आत चोळली. बराच वेळ काही झाले नाही. मग आजोबांचे ओठ हलले.

"पोर कुठाय?" ते म्हणाले.

"हाय इथंच," पंपवाला म्हणाला आणि बदकन खाली बसला. "तुमच्यापायी माझा चहा गेला आज."

मासा कधी सुटून गेला मला कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी पंपवाल्याने आकडीने काठी बाहेर काढून घरी आणून दिली. आजोबा तोवर दवाखान्यातून परतले होते. आईने काठी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. ती कुणालाच रागावली नाही, आणि तेच घरात सगळ्यांना जड गेले.

भिंगरी आता एका जागी बसून राहायची. माझ्याकडे मात्र मुळीच बघायची नाही. एका दुपारी ती आजोबांच्या खाटेपाशी आली.

"आजोबा, तुम्ही बोललात ना, काजं राहिली म्हणून? मी हसले. मी बघितलंच नाही."

आजोबा बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. "तू शिकवलं तसंच केलंस," ते म्हणाले. "मीच अर्धवट शिकवलं. मासे धरायला शिकवलं आणि सोबत बसायला शिकवायचं राहिलं."

बऱ्याच दिवसांनी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. आईने समोर उभे राहून आजोबांना खाऊ घातले, तेव्हा कुठे दार उघडले. या वेळी आजोबा भिंगरीच्या शेजारी, सपाट दगडावर बसले. भिंगरी माझ्याकडे बघायची, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अशीच ती त्यांच्याकडे बघत असताना मी खाली गेले. पुरते गडप झाले. ती वळेपर्यंत गोळी खाऊन मासा पसार झाला होता. आजोबांनी रागवायला तोंड उघडले आणि तसेच मिटले.

"गेला ना?" भिंगरीने विचारले.

"गेला. चांगला मोठा होता."

"जाऊ दे. तुम्ही बरे आहात ना?"

मित्रांनो, काठी तिच्या हातात असून ती बघत नसताना बुडायची ती माझी पहिलीच वेळ. मला वाटले होते वाईट वाटेल. पण तितके हलके मला कधीच वाटले नव्हते. म्हणून तुम्हाला एवढेच सांगते. तुम्ही माझ्याकडे बघा, पुस्तकाकडे बघा, ज्यात तुमचे मन रमते त्याकडे खुशाल टक लावून बघा. फक्त अधूनमधून मान वळवत जा. शेजारी बसलेले माणूस तुम्हाला हाक मारेलच असे नाही.